हिरवं पाकीट, पिवळं पाकीट

२७ डिसेंबर

दुपारी घरच्या कॉम्प्युटरवर भजनं शोधत होतो. अचानक पडदा लाल झाला. भोंगा वाजू लागला. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, असं इंग्रजीत आलं. मी शांत राहिलो. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग घराचा मेन स्विच. स्वयंपाकघरातून मल्लम्मा म्हणाली, अवो, मिक्सर कशानं बंद पडला? तिला परिस्थितीची कल्पना नव्हती.

रेल्वेत उभी हयात स्टेशन मास्तर म्हणून काढली. माझ्या हातून एकाही गाडीला खरचटलं नाही. एका कॉम्प्युटरचं काय.

निर्णय: अँटीव्हायरस घ्यायचा. नीट अभ्यास करून, घाई न करता. हे वर्ष संपायच्या आत.

२८ डिसेंबर

ऋतुजाला सांगितलं. ती म्हणाली, आप्पा, ती नुसती जाहिरात होती. कॉम्प्युटरमध्ये एक अँटीव्हायरस आधीच असतो, फुकटातला. तेवढा पुरेसा आहे. तुमी फक्त कशाला हात लावू नका.

फुकटचा पहारेकरी झोपतो. हे तिला अजून माहीत नाही.

सोळा जानेवारीला तिची परीक्षा आणि मुलाखत आहे. हैदराबादची संस्था. घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर बसून. मोबाइलवर उघडत नाही, कॉम्प्युटरच लागतो. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून पोरगी नोकरीसाठी अर्ज करते आहे. इथपर्यंत पहिल्यांदाच पोचली. म्हणजे धोका आला तो नेमका आत्ता. मी आहे म्हणून बरं.

हैदराबाद लांब आहे. त्याचा इथे संबंध नाही. नुसती नोंद.

३० डिसेंबर. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या

सूर्यभानच्या शेतात जेवण. सूर्यभान माझ्या काळातला गार्ड, आता शेती बघतो. भज्जी, उंडे, आंबील. मी अँटीव्हायरसचा विषय काढला. तो म्हणाला, मास्तर, माझ्या पोराच्या कॉम्प्युटरला एक होता, तरी व्हायरस शिरलाच की. एकट्यानं काय होतंय? गाडीला म्होरं ड्रायव्हर लागतो आन् मागं गार्ड.

विचार करण्यासारखं आहे.

मल्लम्मा म्हणाली, भाऊजी, ह्यांना काई सुचवू नका. घरी गेले की लगेच करतेत. सगळे हसले. मी आंबील वाढून घेतली. जास्त झाली. अभ्यास उद्यापासून.

१ जानेवारी

संकल्प. अँटीव्हायरसचा निकाल आठवड्यात लावणं. पहाटे फिरणं. मल्लम्माच्या बोलण्याला उत्तर न देणं.

फिरायला गेलो नाही, धुकं होतं. अभ्यासाला बसलो. सर्वोत्तम अँटीव्हायरसच्या याद्या इंटरनेटवर भरपूर आहेत. प्रत्येक यादीत पहिला नंबर वेगळ्याचा. एकीत पहिला असलेला दुसरीत शेवटी. वाचता वाचता पडदा पुन्हा लाल. मेन स्विच. मल्लम्माची पिठाची चक्की मध्येच थांबली. ती बोलली. मी उत्तर दिलं.

४ जानेवारी

परभणीला गेलो. धम्मानंदचं कॉम्प्युटरचं दुकान. त्यानं तीन पाकिटं काढली, लाल, हिरवं आणि पिवळं. मी विचारलं, यात चांगलं कोणतं? तो म्हणाला, साहेब, लाल लय चालतंय. मी म्हणालो, लाल माझ्या घरात शिरणार नाही. जन्मभर लाल दिसलं की थांबवलं. तो म्हणाला, मग हिरवं घ्या, ते बी लय चालतंय. आणि पिवळं? पिवळ्याचं तर इचारूच नका.

मी विचारलं नाही. दोन्ही घेतली. हिरवं म्हणजे जाऊ द्या, पिवळं म्हणजे जपून. एकमेकांना पूरक.

धम्मानंद म्हणाला, साहेब, एका मशीनला दोन घालत नसतेत. गिऱ्हाइकाला कमी घ्या म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. संशय आला. पण पाकिटं घेऊन आलो.

५ जानेवारी

हिरवं घातलं. ते म्हणालं, आधीचा काढा. फुकटचा काढून टाकला. पिवळं घातलं. ते म्हणालं, हिरवं काढा. इथे दुसरा कुणी गोंधळला असता. पण दोन स्टेशनांमध्ये गाडी सोडायची तर दोन मास्तर लागतातच, आणि त्यांचं एकमेकांशी पटलंच पाहिजे असा नियम नाही. पडद्यावर 'तरीही पुढे जा' असं बटण होतं. दाबलं.

कॉम्प्युटर आता सावकाश सुरू होतो. बटण दाबून आंघोळ करून आलो, देवाचं केलं, तरी पडदा काळाच. ऋतुजा म्हणाली, आप्पा, लय स्लो झालाय. मी समजावलं, तपासणी चालू आहे. तपासणीला वेळ लागतो.

कामगिरी समाधानकारक.

८ जानेवारी

सकाळी पिवळ्यानं हिरव्याला धोका म्हणून पकडलं. दुपारी हिरव्यानं पिवळ्याला. बरं वाटलं. दोघंही जागे आहेत.

ऋतुजा म्हणाली, आप्पा, त्यातला एक काढा ना. मी काढू का? तिच्या आवाजात घाई होती. घाईत माणूस चुकतो. म्हणून सेटिंगला पासवर्ड घातला. आता माझ्याशिवाय कुणाला काही बदलता येणार नाही.

पासवर्ड रेल्वेच्या पद्धतीनं. दोन स्टेशन मास्तर फोनवर गाडीची परवानगी देताना खात्रीसाठी एकमेकांना एक आकडा सांगतात. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. एकदा वापरला की खोडायचा. तोच आकडा पुन्हा कधी नाही. या एका नियमावर गाड्या चालतात. तेव्हा एकदा वापरला की पासवर्ड बाद, लगेच नवा. कुठेही लिहायचा नाही. या वहीतही नाही. माझी स्मरणशक्ती अजून उत्तम आहे.

बँकवाल्यांनाही ही पद्धत सुचली नसेल.

११ जानेवारी

ऋतुजाला कॅमेरा चालतो का ते बघायचं होतं. पण पूर्ण स्कॅन चालू आहे. पट्टी शेवटाजवळ येऊन कालपासून थांबली आहे, स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला गाडी थांबावी तशी. मी म्हणालो, मध्येच तोडता येत नाही. ती म्हणाली, मग परीक्षेच्या दिवशी मी काय करू? मी म्हणालो, त्या दिवशी मी स्वतः शेजारी बसतो. ती उठून आत गेली. धीर आला असावा.

संध्याकाळी मल्लम्मा भाजी निवडता निवडता म्हणाली, तुमाला व्हायरसचं भ्याव न्हाई. पोरगी जाईल ह्याचं हाय. शंभुराज पुण्याला निघाला तवा बी असंच केलं होतं. त्याची बॅग कपाटात घालून कुलूप लावलं आन् चावी सापडंना म्हणले. लेकराची गाडी चुकली.

ती चावी खरोखर सापडत नव्हती. शिवाय पोरगा दुसऱ्या दिवशी गेलाच. विषय कॉम्प्युटरचा चालू आहे, हे बायकांच्या लक्षात राहत नाही.

१४ जानेवारी. संक्रांत

सूर्यभान तिळगूळ घेऊन आला. त्याला कॉम्प्युटर दाखवायला बसवलं. सुरू होईपर्यंत त्याचा चहा झाला, पान झालं. तो म्हणाला, मास्तर, तुमची गाडी तर यार्डातच हुबी हाय. मी म्हणालो, पण सुरक्षित आहे. तो म्हणाला, यार्डात सगळ्याच असतेत. आणि हसत सुटला. मल्लम्माही हसली. ऋतुजा हसली नाही.

तो गेल्यावर तिनं विचारलं, आप्पा, मी परभणीला माझ्या मैत्रिणीच्या, उत्तराच्या घरून परीक्षा देऊ का? ती हो म्हणाली आहे. मी विचारलं, तिच्या कॉम्प्युटरला काय संरक्षण आहे? ती म्हणाली, माहीत न्हाई. मी म्हणालो, बघ. घरी दोन-दोन असताना तू लोकांच्या दारात जाणार? माझ्यावर विश्वास नाही का?

तिनं उत्तराला फोन करून नाही कळवलं. उत्तरा आता दोन दिवस गावाला जाणार आहे. बरं झालं. कामात एकाग्रता हवी.

मी शब्द दिला आहे.

१६ जानेवारी. सकाळी

लवकर उठून कॉम्प्युटर लावला. स्कॅनची पट्टी पुन्हा तिथेच येऊन थांबली. नवा पासवर्ड केला. ऋतुजानं आईनं काढून ठेवलेली साडी सोडून स्वतःचा निळा ड्रेस घातला आहे. मल्लम्मानं तिच्या कपाळाला विभूती लावली. परीक्षा अकराला. मी इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसणार आहे. कॅमेऱ्यात न दिसता.

चिंतेचं कारण नाही.

१६ जानेवारी. दुपारी

परीक्षेचा प्रोग्रॅम सुरू होताच हिरव्यानं अडवला. कॅमेरा अनोळखी माणसाला द्यायचा का, असं विचारलं. विचारणं योग्यच होतं. मी परवानगी दिली. त्यानं पासवर्ड मागितला. सकाळचा पासवर्ड दिला. चूक म्हणालं. कालचा नियमाप्रमाणे बाद होता, तरी दिला. चूक. परवाचा दिला. ऋतुजा अगदी हळू म्हणाली, आप्पा, शेवटचा कोणता ठेवला होता, आठवा. मी म्हणालो, आठवतोय. आठवत होता. फक्त सगळेच आठवत होते.

मग पडद्यावर आलं, आज पुन्हा प्रयत्न करता येणार नाही. आणि पिवळ्यानं परीक्षेचा प्रोग्रॅमच उचलून कुठेतरी ठेवून दिला.

ऋतुजा ओरडली नाही. ओरडली असती तर मला काही बोलता आलं असतं. ती उठली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि हैदराबादला फोन लावला. सर, घर का सिस्टम बंद पड गया, असं म्हणाली. कुणामुळे ते सांगितलं नाही. चार वाजता शेवटची तुकडी बसते, तेव्हा बसा, असं तिकडून म्हणाले. तिनं बॅग घेतली. मल्लम्मा पिठाच्या हातानंच चपला घालून तिच्याबरोबर स्टेशनकडे निघाली. दारातून म्हणाली, तुमी बसा आता.

जाणारच होतो. पण स्कॅन चालू होता. घरात कुणीतरी हवं.

१६ जानेवारी. संध्याकाळी

अजून आल्या नाहीत. फोन लागत नाही. चारचे पाच झाले. ताटावर ताट झाकलेलं आहे. पट्टी तिथेच आहे. मी बघतो आहे.

१७ जानेवारी

परीक्षा झाली. मुलाखतही. धम्मानंदच्या दुकानात.

ऐकलं ते असं. त्यानं ऋतुजाला आतल्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि अर्धं शटर ओढलं. मल्लम्मा दारात स्टुलावर बसली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, बाबा, जरा थांब, आत लेकीची परीक्षा चालू हाय. एकानं मोठ्यानं विचारलं, झेरॉक्स होतंय का? त्याच्याकडे तिनं असं बघितलं म्हणे की तो आपली कागदपत्रं तिथंच ठेवून गेला. संध्याकाळपर्यंत परत आला नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरला कोणता अँटीव्हायरस आहे, असं मी विचारलं. ऋतुजा म्हणाली, न्हाई. कोणताच न्हाई. तिनं त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ताई, त्यानं मशीन स्लो होतंय.

धम्मानंदला पत्र लिहून समज देणार आहे.

२० जानेवारी

पत्र लिहायला बसलो. 'आपल्या दुकानातील बेजबाबदार' इथवर झालं. पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही. त्याच्यामुळे पोरीची परीक्षा झाली, हा मुद्दा पत्रात बसवता येत नाही.

२७ जानेवारी

निवड झाली. मल्लम्मा रडली. मग लगेच पेढे आणायला मला पाठवलं. वाटेत सूर्यभानला सांगितलं. घरात शिस्त असली की मुलं पुढे जातात, असंही म्हणालो. तो म्हणाला, व्हय मास्तर. आणि सायकलची घंटी पुसत राहिला.

ऋतुजानं पाया पडून माझ्या हातावर पेढा ठेवला. सोळा तारखेचं तिनं काढलं नाही. मल्लम्मानंही काढलं नाही. तिनं तरी काढायला हवं होतं.

३० जानेवारी

ऋतुजानं कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्यानं भरला. हिरवं गेलं, पिवळं गेलं, पासवर्डही गेला. पुन्हा तो फुकटचाच बसवला. मी समोर होतो. विरोध केला नाही. आपलं तत्त्व सांगायला सुरुवात केली होती, पण ती म्हणाली, आप्पा, हे बघा, इथं दाबलं की मी दिसेन. रोज संध्याकाळी दाबा. मी म्हणालो, मला येतं. तिनं तरी दोनदा दाखवलं.

२ फेब्रुवारी

ऋतुजा गेली. गाडीची वेळ, फलाट, डबा सगळं मीच बघून ठेवलं होतं. तिला ते आधीच मोबाइलवर कळलेलं होतं.

३ फेब्रुवारी

सकाळी कॉम्प्युटर लावला. लगेच सुरू झाला. मला काही विचारलं नाही.

तिकडे मल्लम्मा मोबाइलवर ऋतुजाशी बोलत होती. खोली चांगली आहे, जेवण तिखट आहे, ऑफिसात तिला स्वतःचं टेबल मिळालं आहे. मी इकडून ओरडून विचारलं, तिथल्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस आहे का? मल्लम्मानं विचारलं. मग म्हणाली, हाय म्हणती. तिथं त्याला येगळे लोक ठेवलेत. ते बघतेत सगळं.

मी म्हणालो, बरं.

मग पडद्यासमोर बसून राहिलो. अजून दहाही वाजले नव्हते.