मेहिताबेलचं सूत

३ फेब्रुवारी १७७५
टॅमसिनला आज पुरलं. आम्ही सहा जणांनी खांदा दिला. जमीन दगडासारखी गोठलेली. घरी परतल्यावर तिच्या नवऱ्याने, एलिहूने, प्रत्येकाच्या हातात लोकरीच्या हातमोज्यांचा जोड ठेवला. "तिने स्वतः विणलेत. नाही म्हणू नका."
विलायतेविरुद्ध वसाहतींनी केलेल्या बहिष्काराच्या करारात हे बसत नाही. विलायती माल घ्यायचा नाही, दफनाला हातमोजे वाटायचे नाहीत, दंडाला काळी फीत पुरे. डिसेंबरात माझी बायको मेहिताबेल गेली तेव्हा मी कुणाला काहीच दिलं नाही. चार गावांच्या तोंडी माझं कौतुक झालं.
पण सूत बघताक्षणी ओळखलं. निळसर करडं, एकसारखं. मेहिताबेलने कातलेलं! ती गेल्यावर सुताची टोपली डोळ्यांसमोर नको म्हणून मीच टॅमसिनला देऊन टाकली होती.

६ फेब्रुवारी
करार कोण मोडतो ते बघणारी गावची समिती बसली. मी लेखनिक. एलिहूला उभं केलं.
कॅप्टन प्रेन्स म्हणाले, "घरचे असतील तर समज देऊन सोडू. विलायती असतील तर गाठ आमच्याशी आहे."
"बायकोने विणलेत."
"विणले असतील. सूत कुठलं? टॅमसिनचे हात थरथरायचे. दोन वर्षांत तिने चरखा फिरवलेला कुणी पाहिलाय?"
मागून कुणीतरी म्हणालं, "राजाच्या जावयाला सुताची काय वाण!" सगळे हसले.
"गावातलंच सूत आहे," एलिहू म्हणाला.
"गावातल्या कुणाचं?"
एलिहूने माझ्याकडे पाहिलं. मी टाक दौतीत बुडवला. पुन्हा बुडवला. एलिहूने नाव घेतलं नाही.
नोंद मीच केली – देशाचा शत्रू, कुणीही व्यवहार ठेवू नये. अक्षर चांगलं आलं.
मेहिताबेलचं नाव मला काढवलं नसतं, असं वाटेत स्वतःला सांगत होतो. खोटं आहे. घाबरलो होतो. समितीच्याच लेखनिकाच्या घरचं सूत! – मलाही त्याच्या शेजारी उभं केलं असतं.

७ फेब्रुवारी
प्रार्थनाघरासमोर सहाही जोड जाळले. माझा मीच टाकला. लोकर भडकत नाही, आक्रसत जाते. वास अजून कोटाला आहे.

१२ मार्च
एलिहूचा मका गिरणीवाला दळत नाही. तो पलीकडच्या गावी जातो. प्रार्थनेला त्याच्या बाकावर तो आणि त्याची मुलगी डॉर्कस, दोघंच.

२० एप्रिल
काल लेक्सिंग्टनला राजाच्या सैनिकांनी आपली माणसं मारली! घंटा वाजत होती. बंदूक घेऊन जाणाऱ्यांची नावं मी लिहीत होतो. एलिहू आला, बापाची जुनी बंदूक खांद्यावर.
"म्हातारबा, हातमोजे घालून चाप ओढणार का?" कॅप्टन म्हणाले.
तो माझ्या टाकाकडे बघत थांबला. मी पुढच्याचं नाव विचारलं.

९ डिसेंबर
मेहिताबेलला जाऊन वर्ष झालं. घरात तिने कातलेला एक धागा उरला नाही.

१४ ऑगस्ट १७७६
सगळं कागदावर लिहिलं. आपल्याकडची रीतच आहे – चुकलेल्याने भर प्रार्थनेत उभं राहायचं, त्याची कबुली पाद्रींनी वाचायची. पाद्रींनी कागद वाचून घडी घातली. "रविवारी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचायचा आहे. त्या आनंदात हे नको, जोथम. पुढच्या रविवारी बघू."
मला बरं वाटलं! हेही लिहून ठेवतो.

१८ ऑगस्ट
वाचला. राजाशी संबंध संपला. बायका रडल्या, तोफ उडवली, सायडरचं पिंप फोडलं. हुकुमाप्रमाणे दप्तरात मीच उतरवून घेतला. वीस पानं मागे तीच शाई, तेच अक्षर, एलिहूचं नाव.
तो अगदी मागे, टोपी काढून उभा होता. दीड वर्षाने बोलला. "तूच उतरवलास ना, जोथम?"
"हो."
"मग नीट राहील."
तेव्हा सांगता आलं असतं. पुढचा रविवार आहेच, म्हटलं.

२१ ऑगस्ट
एलिहू गेला. गवत कापता कापता शेतातच कोसळला.

२२ ऑगस्ट
सहा माणसं मिळाली नाहीत. पाद्री, मी आणि पलीकडच्या गावचा गिरणीवाला. शेवटी पेटी गाडीवर ठेवली. परतल्यावर डॉर्कसने एलिहूचा स्वतःचा जोड माझ्या हातात दिला. न वाटलेला, म्हणून न जळलेला.
"आईची इच्छा होती, काका. खांदा देणाऱ्याला द्यायचे."
घेतला. रविवारबद्दल काही बोललो नाही.

२५ ऑगस्ट
पाद्रींनी कबुली वाचली. उकाड्यात मी ते हातमोजे घालून उभा होतो. कॅप्टनने पाठ थोपटली – "झालं गेलं. मन मोठं आहे तुमचं." सगळ्यांनी हात मिळवले!
डॉर्कस दाराशी थांबली होती. म्हणाली, "सूत कुणाचं ते आम्हाला ठाऊक होतं, काका. त्या दिवशी समितीपुढून घरी आल्यावर मी बाबांवर चिडले होते, नाव का नाही सांगितलं म्हणून. ते म्हणाले, 'त्याची बायको जाऊन दोन महिने झालेत. तिचं नाव समितीसमोर कशाला काढू? जोथमला किती लागलं असतं!'"