तीनदा वापरला की शब्द आपला

२ जानेवारी
शाखाप्रमुखाची जागा मार्चमध्ये रिकामी होणार. मुलाखत इंग्रजीत. शोरूममध्ये टाइल्सचं माझ्याइतकं ज्ञान कुणाला नाही, गाडी अडते ती फक्त शब्दांपाशी. आजपासून रोज दहा शब्द, अर्थ आणि वापरासकट. पुस्तकात लिहिलंय, तीनदा वापरला की शब्द आपला. संकल्प पक्का.

५ जानेवारी
दहा जास्त होतात. पाच. दर्जा महत्त्वाचा.
टॅसिटर्न: अबोल. वापर: माय फादर इज टॅसिटर्न. नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून अक्षर फुटलेलं नाही, त्यामुळे उदाहरण अगदी घरचं मिळालं. बायकोला वाचून दाखवलं. तिने भांडी जरा जोरातच घासली. तिला माझ्या इंग्रजीचा मत्सर वाटतो.

९ जानेवारी
बाबांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडम येतात, एक दिवसाआड, तासभर. चित्रं आणि घरच्यांचे फोटो दाखवून विचारतात, हे काय, हा कोण. बाबा तोंड उघडतात, मिटतात. माझा फोटो मी मुद्दाम टाय घातलेला दिलाय. मॅडमचं इंग्रजी फर्डं आहे. आमच्या घरात ते नुसतं वाया चाललंय.

१२ जानेवारी
मॅडमना पाचच मिनिटं मागितली. त्या म्हणाल्या, बोलता येत असून जो बोलत नाही तो टॅसिटर्न. बाबांना बोलायचं आहे, येत नाही. बारकावा टिपून घेतला. पुढे बोलता बोलता तास संपला. बाबा शांतपणे ऐकत होते. त्यांच्याही कानावर चार चांगले शब्द पडतात.

२० जानेवारी
आता रीतसर बाबांशेजारीच खुर्ची टाकतो. मॅडम ग्लास दाखवतात, बाबा "पा... पा..." करत अडतात. तेवढ्यात मी माझा शब्द पुढे सरकवतो. वेळ फुकट घालवणं मला पटत नाही. आज बाबांनी माझ्या खुर्चीला पाय मारला. पायात ताकद येतेय, हे उत्तम.

३ फेब्रुवारी
मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं, "सुरुवातीचे महिने गेले की गेले. हा तास त्यांचा आहे." मी म्हटलं, मुलाखत मार्चमध्ये आहे, बाबा काय, घरातच आहेत. बायको बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला माझी जिद्द आता कळू लागली असावी.

६ फेब्रुवारी
बायको बाबांना घेऊन ताईकडे राहायला गेली. मॅडमही आता तिकडेच जाणार. म्हणे, तिथे त्यांना बोलायला जागा तरी मिळेल. निघताना बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. मान अजून नीट वळत नसेल.
घर शांत. आता अभ्यासाला कसलीही सबब नाही.

१६ फेब्रुवारी
सर्दी. शब्द शून्य. वापरायला घरात माणूसच नाही. जिन्यात शेजाऱ्याला मेटिक्युलस म्हटलं. काटेकोर म्हणजे काही शिवी नव्हे, पण तो बोलायचा बंद झाला.

१० मार्च
मुलाखत झाली. समोर मोठे साहेब आणि आणखी दोघं. पहिलाच प्रश्न, स्वतःबद्दल सांगा. हे उत्तर मला झोपेतही येत होतं. तोंड उघडलं. शब्द आत होते, मला जाणवत होते, पण एकही बाहेर येईना. मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी साहेबांनी ग्लास उचलून दाखवला आणि साध्या मराठीत विचारलं, पाणी हवंय का. मी मान हलवली.
एकूण छाप बरी पडली असावी. मोजकं बोलणं अधिकाऱ्याला शोभतं.

१४ मार्च
जागा बिलं करणाऱ्या मुलीला मिळाली.
बायकोला फोन केला, घरी कधी येता विचारायला. ती रडत होती आणि हसत होती. बाबा बोलायला लागलेत. पाणी म्हणतात, सूनबाई म्हणतात, ताईच्या कुत्र्यालासुद्धा नावाने हाक मारतात. मी विचारलं, माझा फोटो दाखवला का? तिने विषय बदलला. खोदून विचारल्यावर म्हणाली, काल दाखवला. मॅडमनी विचारलं, हा कोण? बाबांनी वेळ घेतला, टायकडे नीट पाहिलं आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच सलग बोलले.
"हा दुसरा पेशंट. बरा झाला का?"
काय सांगू त्यांना, बायकोने विचारलं. मला फार वाईट वाटलं. ते सांगायला मी तोंड उघडलं. ती बराच वेळ थांबली, मग तिनेच फोन ठेवला.