ठोकळा आणि जहाज

प्रिय ताई,

तुझा फोन सारखा कापतेय म्हणून रुसू नकोस. ऑफिसात आमचं महायुद्ध पेटलं होतं. भर समुद्रात गॅसचं टर्मिनल उभारायचंय. गॅस लांबून जहाजांनी येतो, तो अतिथंड करून द्रव केलेला. त्याला ऊब देऊन पुन्हा वायू करायचा आणि तळाशी टाकलेल्या नळातून किनाऱ्यावर धाडायचा. माझ्या आराखड्यात हे सगळं एका जहाजावर. नाकाने खांबाला बांधलेलं, वारा फिरेल तसं फिरणारं. दुसरा आराखडा आमच्या ठोकळ्याचा. तोच गं, समोरच्या टेबलावरचा, ज्याच्या नावाने मी तुझे कान किटवलेत. त्याला समुद्राच्या तळावर काँक्रीटची अवाढव्य पेटी बसवायची होती. "तुझं जहाज लाटेवर नाचणार, त्याला दुसरं जहाज टेकणार कसं?" हा त्याचा सवाल. "आणि तुझी पेटी चिखलात रुतली, तर उपसायला तुझे काका येणार?" हा माझा जबाब.

निकालाच्या बैठकीआधी मी चंग बांधला आणि त्याचे नकाशे चुका काढायला घरी आणले. पण बघता बघता मलाच पटत गेलं. पेटीच्या आडोशाला पाणी शांत राहतं, खवळलेल्या दिवसांतही जहाजं टेकतील. जीव खट्टू झाला, पण खोटं कसं बोलू? बैठकीत उठले आणि सांगून टाकलं, पेटीच बरी. तर हा कान लाल करून उभा! म्हणाला, "मी तर जहाजाची बाजू मांडायला आलोय." त्यानेही माझे नकाशे चुका काढायलाच नेले होते. आमच्या मोठ्या बाई हसून हसून बेजार. म्हणाल्या, "भांडा खुशाल, पण आधी आपापली बाजू तरी ठरवा!"

शेवटी तळाच्या मातीचा अहवाल आला. माती निघाली लोण्यासारखी मऊ, पेटी तिथे ठरेना. जहाज जिंकलं. मला वाटलं, आता हा हिरमुसणार. पण पठ्ठ्या दोन कप चहा घेऊन आला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "चल, दोन जहाजं न आदळता शेजारी कशी उभी राहतील ते बघू." तेव्हापासून आम्ही तेच बघतोय. चूक दाखवली की आधी फुगतो, मग स्वतःच हसत सुटतो. तो सुट्टीवर गेला की ऑफिस मला खायला उठतं.

तर ताई, मुद्द्याचं सांगते. आम्ही लग्न करतोय. रविवारी त्याला घरी आणतेय. आईची काळजी नाही, ती दारातच विरघळेल. पण बाबा माझी गाऱ्हाणी ऐकून म्हणाले होते, हा इसम भेटला की त्याला फैलावर घेईन. त्यांना आधी तू गाठ. सांग, फैलावर घेण्यासारखा आहे खरा, पण आता तो आपला आहे.

तुझीच,
वारं प्यायलेली धाकटी