वजा पंधरा

डिलाईल रोड,
९ मार्च १९५८

प्रिय कालिंदी,

तुझं पत्र पोचलं. भाजलेला हात बरा आहे, लिहिता येतं. तुझा शिवादादा जाऊन महिना झाला. खोलीत त्याची वळकटी तशीच आहे, उचलवत नाही. मिलवाले चौकशीत ‘कामगाराची बेपर्वाई’ लिहून मोकळे झाले. चाळीत तर म्हणतात, पिऊन आला होता. अगं, चहाशिवाय कशाला शिवला नाही कधी!

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांहून आम्ही दोघं घसा बसवून यायचो. मग डोक्यात शिरलं, खात्यातल्या पाट्या इंग्रजीत का म्हणून? मी मॅट्रिक, तेव्हा काम माझ्याकडे. कापड वाफेत उकळायच्या टाकीची जुनी पाटी पुसट झालेली, म्हणून तक्ता पुस्तकातून मराठीत उतरवला. एवढ्या उष्णतेला एवढा दाब. अक्षर झकास काढलं. शिवाने तो स्वतः भिंतीवर ठोकला आणि खात्यात पेढे वाटले.

आता नीट वाच. हवा आपल्यावर कायम दाबत असते, चौरस इंचाला पंधरा पौंड. टाकीवरचं गेज, म्हणजे दाब दाखवणारं घड्याळ, ते धरत नाही, टाकी उघडी असली की काटा शून्यावर. पुस्तक मात्र ते पंधरा धरून आकडा देतं. पुस्तकात तीस असतील तर काट्यावर पंधराच ठेवायचे. हे मी परीक्षेला घोकलं होतं गं! पण त्या दिवशी सभेला जायची घाई, वजा करायचं राहिलं.

दुसऱ्या सकाळी शिवा काटा वर नेताना थबकला. जास्त वाटतंय रे, म्हणाला. मी लांबूनच त्याला हसलो, मराठीत लिहिलंय ना, वाच आणि कर, म्हटलं. टाकी जुनी, वीसच्या वर न सोसणारी. जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीचा गंजून बसलेला. काटा तिसावर गेला आणि टाकी फुटली. वाफ लांब माझ्या हातापर्यंत आली.

काल इन्स्पेक्टरला सगळं सांगून आलो. फाईल बंद झाली, म्हणाला. तक्ताही मिलने जाळून टाकलाय. शिवाच्या नावावरचा ठपका आता निघत नाही.

आणि तू लिहितेस, ‘दादामुळे तुमचा हात भाजला, त्याच्या वतीने मी माफी मागते.’ तीन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरतोय. कालिंदी, शिवाने मी लिहिलं होतं तेवढंच केलं. हे घरी मावशीला वाचून दाखव, वाडीत सगळ्यांना दाखव. वैशाखातलं आपलं लग्न मोडलं समज. उत्तर पाठवू नकोस. मावशी त्याचा फोटो भिंतीवर लावू देत नाही म्हणतेस, तो आजच लाव.

तुझाच म्हणायचा हक्क गमावलेला,
राजाराम