पावणेचारचा गजर

३ तारीख, मंगळवार
डुलकी लागली. रोलरपाशी, उभ्या उभ्या! दवाखान्याच्या चादरी धुऊन येतात, त्या गरम रोलरमध्ये सरळ सोडायच्या, हे माझं काम. सुपरवायझर खेकसला, "ताई, हात आत गेला तर? पुन्हा दिसलं तर घरी बसा." हात माझा, आणि काळजी त्याला रोलरची!

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. काय खाता, किती झोपता, लिहा म्हणे. चहा-बिस्किटं बंद. अंडं, फळ खा. आठ तास झोपा. आठ तास! पावणेचारला उठते मी. पाचला मशीनवर.

घरी येऊन दारातच ओरडले — नोकरी जाणार माझी! नवऱ्याने टीव्हीतून मान काढली नाही. सासूबाईंचा चेहरा पडला. का जाणार, ते सांगायला अंगात जीव नव्हता.

४, बुधवार
नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. साडेआठला टीव्ही बंद. बंद झाला की मी आडवी.

अंडं उकडून नेलं. पहाटे घशाखाली उतरत नाही, तरी कोंबलं. कँटीन उघडतं नऊला! साहेब लोक नऊला येतात ना. आमच्या पोटात तोवर कावळे ओरडू देत.

६, शुक्रवार
अंडं खाते, केळं खाते, बिस्किटाला हात लावत नाही. तरी डोळ्यांत वाळू. डॉक्टरीणबाईंनी स्वतः एक आठवडा चादरी ओढून बघाव्यात.

गेटवालाही हल्ली उशिरा उघडतो. आळशी मेला!

९, सोमवार
माझ्या झोपेचा चोर सापडला! काल टीव्ही बंद झाला तेव्हा उशाचं गजराचं घड्याळ बघितलं. नऊला पाच कमी!
"साडेआठ ठरलं होतं ना?"
"अगं, साडेआठच झालेत."
"मग हे काय, माझं डोकं?"
"तुझ्या गळ्याची शपथ, साडेआठ!"
शपथ घ्यायला स्वतःचा गळा नाही सापडला? तोंड फिरवून झोपले. आज डबाही नाही दिला.

११, बुधवार
गेटवर एकटीच. काळोख, थंडी, पायाला कळा. बाकीच्या बायका निवांत येतात, त्यांना कोणी बोलत नाही. गेटवाला जांभई देत म्हणतो, "काय मावशी, घरातून हाकललं का?" चांगला झापला त्याला.

आणि दहाच्या सुमारास पुन्हा डोळा लागला. शेजारच्या मशीनवरच्या बडबड्या बाईने खसकन मागे ओढलं. बोटं रोलरपासून चार अंगुळांवर होती. सुपरवायझर पाठमोरा होता म्हणून नोकरी वाचली.

घरी येऊन सगळ्यांवर तोंड सोडलं. सासूबाईंच्या खोकल्यावरसुद्धा.

१३, शुक्रवार
काल रागाने झोप येईना. डोळे मिटून पडले होते. सासूबाई माझ्याच खोलीत झोपतात. त्या हळूच उठल्या. चष्मा लावला. माझ्या उशाचं घड्याळ उचललं, मागची चावी फिरवून काटा पुढे सरकवला. पुटपुटल्या, "अजून पाच मिनिटं असू दे."

अजून! म्हणजे रोज पाच! तरीच नवरा खोटा, गेटवाला आळशी, आणि मी भुतासारखी गेटवर! उठून असा आवाज लावणार होते की गल्ली जागी झाली असती. त्यांनी घड्याळाची काच हाताने पुसली. माझ्याकडे तोंड करून ठेवलं. मग माझं पांघरूण सारखं केलं.

मी झोपेचं सोंग तसंच ठेवलं.

१४, शनिवार
नवऱ्याला विचारलं. म्हणाला, "आईला बाटल्यांच्या कारखान्यातून काढलं होतं. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून. मी पाळण्यात होतो, तापलेलो. तू नोकरी जाणार म्हणालीस, तिला वाटलं उशिरापायी." वर विचारतो, "आणि माझे साडेआठ? खरेच होते ना?"
"बरं, बरं. जेवा आता."

घड्याळ गुपचूप नीट लावलं.

१८, बुधवार
झोप पुरते. अंडंही पचतं. सासूबाई रोज घड्याळ पाच मिनिटं पुढे करतात. घोरायला लागल्या की मी मागे करते.

आज विचारलं त्यांनी, "उशीर नाही ना गं होत?"
"नाही आई. तुम्ही आहात म्हणून वेळेवर पोचते."