शुगर लँडमधला बोर्निओ

२२ मे २००४, शनिवार
घटपर्णी आणली. तिच्या पानांच्या टोकाला छोट्या सुरया लोंबतात, किडा आत पडला की खलास. नर्सरीवाल्याने विचारलं, घरी ग्रीनहाउस आहे का? शुगर लँड गावात, टेक्सासच्या या घामट उन्हाळ्यात ग्रीनहाउस कशाला? मूळची बोर्निओच्या जंगलातली. तिला कळणारही नाही देश बदलला ते. संकल्प: बॅकयार्डात हुबेहूब नॅचरल हॅबिटॅट. डास तीच संपवणार.

२३ मे
दीपा म्हणाली, त्यापेक्षा स्प्रेवाल्याला बोलवू. डॉक्टर असूनही बायकोचं सायन्स कच्चं.

६ जून
ऑफिसातल्या संग्रामला सांगून टाकलं, चार जुलैच्या सुट्टीचा पॉटलक, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, आमच्या मागच्या अंगणातल्या पॅटिओवर. डासमुक्त! तो म्हणाला, जेवण आतच ठेव यार. जळतो.

१३ जून
जंगलात रोज पाऊस पडतो. म्हणून पाइपने मीच पाडतो, सकाळ-संध्याकाळ. सुरया काठोकाठ. एकीत माशी! सगळ्यांना बोलावून दाखवली. इलाचं म्हणणं, ती तिनेच मारून आत टाकली होती. मुलगी बापाला क्रेडिट देईल तर शपथ.

२० जून
दीपाने परस्पर स्प्रेवाला ठरवला होता. कॅन्सल केला. फवारलं तर झाड उपाशी मरेल. दीपा बोलत नाहीये. शांतता चांगली.

२७ जून
डास वाढलेत. उत्तम लक्षण. झाडाच्या वासाने लांबलांबून येताहेत. आता फक्त आत पडायचे बाकी आहेत.

४ जुलै, संध्याकाळ
पंचवीस माणसं पॅटिओवर. टाळ्यांचा आवाज, पण कौतुकाच्या नव्हेत. संग्रामच्या आई, वसुधाकाकू, नागपूरला झूऑलॉजी शिकवायच्या. त्यांनी चष्मा सावरून सुरईत डोकावलं आणि आनंदाने ओरडल्याच. आत अळ्या वळवळत होत्या. डासांच्या. काकूंनी सगळ्यांना समजावून सांगितलं, की मूळ जंगलातही काही डास याच पाण्यात अंडी घालतात, पोरं आत मजेत वाढतात. इथे तर कोणीतरी रोज ताजं पाणी घालून पाळणाघरच चालवलंय! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे.
म्हणजे हॅबिटॅट शंभर टक्के नॅचरल जमलं. हे कोणी ऐकूनच घेतलं नाही. पुऱ्या, श्रीखंड, माणसं, सगळं एका मिनिटात आत. मी तत्त्व म्हणून बाहेर थांबलो.
थोड्या वेळाने काचेचं दार वाजवलं. दीपा आतूनच म्हणाली, आधी अंगावरचे झटक.