ठिपका पुलाखाली, माणूस बाकावर

तीर्थस्वरूप ताईंना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमच्या टाचेचं दुखणं कसं आहे? गरम पाण्याच्या पिशवीने उतार पडला का ते कळवा, आणि नव्या चपला चावत असतील तर हट्ट न करता जुन्याच घाला. (हट्ट हा तुमच्या माहेरचा गुण आहे, असं मी एकतीस वर्षं मनातल्या मनात म्हणत आले. आज लिहूनच टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यापुढे हे काहीच नाही.) आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. एक तर तुमचे बंधू पलीकडच्या खोलीत तोंड पाडून बसलेत आणि त्यांना भिंतीतूनही ऐकू येतं. दुसरं म्हणजे, फोन या वस्तूवरचा माझा विश्वास आज सकाळी साडेआठ वाजता उडाला. घाईत लिहितेय, तेव्हा अक्षराकडे बघू नका.

मागचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते, म्हणजे मी कुठून कुठे आदळले ते कळेल. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी यांचा रक्तदाब मोजला, यंत्राकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा मोजला. मोजणार नाहीत तर काय? दिवसभर टेबलाशी वाकून लोकांच्या कवळ्या घडवायच्या, मेण वितळवायचं, साचे भरायचे, दात घासून गुळगुळीत करायचे, आणि हालचाल म्हणाल तर फिरत्या स्टुलावर उजवीकडून डावीकडे. गोळी सुरू झाली आणि व्यायाम करायलाच हवा असं बाईंनी बजावलं. माझी कल्पना अशी की, हे संध्याकाळी बागेला दोन फेऱ्या मारतील. यांनी जाऊन कयाक क्लबात नाव घातलं. कयाक म्हणजे ती शेंगेसारखी निमुळती होडी. माणूस कमरेपर्यंत तिच्या आत शिरून बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत खाडीत निघून जातो. जो गृहस्थ बादलीत आधी बोट बुडवतो, मग थोडा विचार करतो आणि मगच अंघोळीला बसतो, तो खाडीत जाणार म्हटल्यावर माझ्या हातातली कढई खाली पडली. (कढईचा कान तुटला. तो विषय वेगळा.)

त्याहून मोठा धक्का फोनने दिला. क्लबात शिकवणारी एक चुणचुणीत मुलगी आहे. तिने प्रत्येकाच्या फोनमध्ये कयाकवाल्यांना उपयोगी पडणारी पाच-सहा ॲप घालून दिली. एकात भरती-ओहोटीच्या वेळा. झालं, त्या दिवसापासून चहा टाकू का विचारलं की "आत्ताच ओहोटी लागली" असं उत्तर येऊ लागलं, आणि त्याचा अर्थ हो की नाही ते मला अजून समजलेलं नाही. दुसऱ्यात वारा कुठून किती येणार ते बाणांनी दाखवतात. (हे मात्र खरंच कामाचं आहे, ताई. चादरी कधी वाळत घालायच्या ते मी त्यावरच ठरवते. उशीचा एक अभ्रासुद्धा तेव्हापासून शेजारी उडून गेलेला नाही.) तिसऱ्यात दोरीच्या गाठी शिकवतात. यांनी सरावाला म्हणून कपड्यांच्या कपाटाच्या दोन्ही मुठी एकमेकींना बांधल्या. गाठ उत्तम बसली. सोडवायची कशी ते पुढच्या धड्यात होतं, आणि पुढचा धडा काही केल्या उघडेना. दोन दिवस आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी काढले आणि शेवटी मी कात्री आणली. चौथं ॲप आसपास वीज चमकली की भोंगा वाजवतं. तो भोंगा नेमका दंतवैद्यांच्या दवाखान्यात वाजला. हे नवी कवळी दाखवायला गेले होते, खुर्चीत एक आजोबा तोंड उघडून बसले होते. भोंगा झाला की ताबडतोब पाण्याबाहेर पडायचं हे इतकं अंगवळणी पडलेलं, की हे कवळी हातात घेऊन तडक जिन्याखाली जाऊन उभे राहिले. दवाखान्यात पाणी म्हणाल तर चूळ भरायच्या ग्लासात होतं तेवढंच.

आता मुख्य ॲप. यात पाण्यात गेलेला माणूस नकाशावर निळ्या ठिपक्यासारखा दिसतो आणि तो ठिपका घरी बसलेल्या कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघायचा असतो. त्याला म्हणतात किनाऱ्यावरचा माणूस. ठरल्या वेळेला ठिपका परत आला नाही, तर किनाऱ्यावरच्या माणसाने शिकवणाऱ्या मुलीला कळवायचं. आमच्या घरचा किनाऱ्यावरचा माणूस अर्थात मी. पहिल्या रविवारी मी फोन भाजीच्या टोपलीला टेकवून बसले. ठिपका निघाला, पुलाखालून गेला, पलीकडच्या काठाला वळसा घालून बरोबर वेळेत परत आला. ताई, खरं सांगते, मला रडू आलं. मी तुम्हाला फोन केला होता, आठवत असेल. नुसतं तुम्हालाच नाही, वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात फोनवर चांदीचा कप उगवला : पंचावन्नच्या पुढच्यांत पहिला नंबर. बरोबरीत क्लबातले निवृत्त चित्रकला मास्तर होते, वय वर्षं एकोणसत्तर. सेकंदाचाही फरक नाही. मी यांना म्हटलं, मास्तरांचं वय बघा आणि जरा जोर लावून त्यांना मागे टाका. यांनी फोन पालथा ठेवला. मला वाटलं, विनय.

मागच्या महिन्यात आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या दिवशी रक्तदाब नेमका जरा बरा निघाला, आणि मी तोंड आवरेन तर ना, पर्समधून फोन काढला आणि सगळे रविवार, सगळे किलोमीटर, कप, एकेक करून दाखवलं. बाई खूश झाल्या. इतका व्यायाम होत असेल तर गोळी अर्धी करून बघू म्हणाल्या. यांचा चेहरा पडला होता तो मला आता आठवतोय. तेव्हा मी बाईंकडे बघत होते. त्यानंतर दोनदा सकाळी उठताना यांनी भिंत धरली आणि कानात घूं होतं म्हणाले. मी म्हटलं, वल्हवून थकवा आला असेल, आणि दुसरं अंडं उकडून दिलं.

आज सकाळी हे नेहमीप्रमाणे सातला गेले आणि चष्मा टेबलावर विसरले. जवळचं वाचायचा चष्मा. म्हणजे पाण्यात असताना वारा, भरती, वीज, यातलं काहीच दिसणार नाही. इकडे ठिपका तर निघालेला. मी घरातल्या साडीवरच बस पकडली आणि अख्खा रस्ता त्या ठिपक्याकडे बघत, हळू जा, हळू जा, असं पुटपुटत गेले. शेजारच्या बाईने जागा बदलली. क्लबाच्या फाटकातून आत गेलं की डावीकडे होड्यांची शेड आहे, उजवीकडे चहाची टपरी, मध्ये बाक. बाकावर तुमचे बंधू बसले होते. अंगात लाइफ जॅकेट, पट्टे नीट आवळलेले, पायात रबरी बूट, हातात अर्धा आम्लेट-पाव. सुकेठाक. मी फोनकडे बघितलं. ठिपका पुलाखाली. पुन्हा बाकाकडे बघितलं. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला फोनच खरा वाटला आणि बाकावरचा माणूस खोटा.

मी विचारलं, "तुम्ही इथे कसे?"

यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मला यायला अजून वीस मिनिटं आहेत."

मग पाव खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी त्या मुलीने प्रत्येकाला मुद्दाम होडी उलटी करून बाहेर पडायला शिकवलं. तसं शिकवतातच. हे उलटे झाले आणि पाय आत अडकला. दोन-तीन सेकंदच, पण खाली डोकं, नाकात पाणी, आणि वरचा उजेड पायाशी. बाहेर आले ते थरथरत आले आणि पुन्हा होडीत पाय टाकवेना. फोन मात्र पाणी न जाणाऱ्या पिशवीत मास्तरांकडे ठेवायला दिला होता, तो मास्तरांच्या होडीबरोबर फेरी मारून आला. घरी येऊन हे मला खरं सांगणार होते. दार मी उघडलं आणि म्हणे मी यांचे दोन्ही हात धरून म्हटलं, मला तुमचा किती अभिमान वाटतो. "एकतीस वर्षांत तू पहिल्यांदा असं म्हणालीस," असं म्हणाले ताई, आणि पावाकडे बघत राहिले. पुढच्या रविवारपासून मास्तर दोन फोन घेऊन जायचे आणि हे निघताना नळाखाली डोकं भिजवून यायचे. म्हणजे मास्तर सहा आठवडे स्वतःशीच बरोबरीत सुटत होते आणि मी त्यांना मागे टाकायला सांगत होते.

मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. एका ठिपक्याला जे म्हणाले ते मी या माणसाला आधी कधी म्हणाले नव्हते, हे खरंच आहे. आणि मग अर्ध्या गोळीची आठवण झाली आणि डोक्यात तिडीक गेली. कप राहू दे, नंबर राहू दे, पण सहा आठवडे जागचा न हललेला माणूस अर्ध्या गोळीवर चाललाय आणि सकाळी भिंत धरतोय, ही काय गंमत आहे? उद्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं म्हटलं तर म्हणतात, गोळी गुपचूप पूर्ण घेतो, पण बाईंना सांगू नकोस, त्यांनी माझं उदाहरण बाकीच्या पेशंटांना दिलंय. तेव्हापासून खोलीत बसून आहेत. ताई, तुम्ही मोठ्या. तुमचा शब्द हे खाली पडू देत नाहीत. फोन करा आणि चांगलं खडसावून दोन गोष्टी सांगा : उद्या डॉक्टरांसमोर खरं बोलायचं, आणि यापुढे त्या कयाकचं, त्या खाडीचं, त्या ॲपचं या घरात नावसुद्धा काढायचं नाही. मीही ती सगळी ॲप पुसून टाकणार आहे. (वाऱ्याचं ठेवीन.)

घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा, टाचेला जपा.

तुमची, आजवर कधी आवाज न चढवलेली,
भावजय

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरंच झालं. सोमवारी गेलो. दारापाशी हे परत फिरले होते, मी कोपर धरून आत नेलं. यांनी स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, नळासकट. रक्तदाब मोजल्यावर बाई हसायच्या थांबल्या. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर काय झालं असतं ते त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. ते मी लिहीत नाही. गोळी पूर्ण झाली, रोज मोजून लिहायचं आहे. तेव्हा खडसावण्यातला पहिला भाग गाळा.

ता. क. दोन. व्यायाम खराखुरा व्हायलाच हवा, असं बाईंनी दोनदा सांगितलं. बागेत फेऱ्या मारा म्हटलं, तर हे उठून कवळ्या घासायला बसले. मग बुधवारी रात्री जेवताना म्हणाले, तू पुढे बसलीस तर मी मागे बसेन. क्लबात दोघांची एक रुंद होडी आहे. तिच्यात आत शिरायचं नसतं, वर बसायचं, त्यामुळे उलटली तरी अडकायला जागाच नाही. मी सपशेल नकार दिला. शनिवारी नुसती बघायला म्हणून गेले आणि होडीत जाऊन बसले. ताई, या पत्रातल्या सगळ्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा : मला पोहता येतं हे मी लग्नानंतर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नाही. यांना तर तिथेच पाण्यात, मी सांगितलं तेव्हा कळलं. हे माझ्या जॅकेटचा पट्टा मागून घट्ट धरून बसले होते, वल्हं सोडून, पण बसले होते. पुलापर्यंत गेलो. तेव्हा खडसावण्यातला दुसराही भाग गाळा.

ता. क. तीन. खरं काम हेच. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी साडेसात ते नऊ आम्ही दोघं खाडीत असू, म्हणजे किनाऱ्यावर आमचं कुणीच उरत नाही. तुमचा नंबर ॲपमध्ये घातला आहे. तुमच्या लेकीकडून ते फोनवर लावून घ्या, ठिपका दिसेल. दोघांचा मिळून एकच आहे. नऊपर्यंत परत आला नाही तर त्या मुलीला कळवा. मध्येच एका जागी गोल गोल फिरायला लागला, तर मात्र कुणालाही कळवू नका. बुडत नसू, भांडत असू.